मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, व्हाया धनगरवाडा

परत येऊन महिना व्हायला आला, तरी गॅरेजवर येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, "दत्ताशेठ, अमेरिका लांब किती हाय वो?" माझं गॅरेज कापूरहोळला, हायवेवरून भोरचा रस्ता फुटतो तिथंच. ट्रकवाले, टेम्पोवाले, एसटीचे ड्रायव्हर, सगळे अंतराच्या हिशोबात जगणारे लोक. सुरुवातीला मी सरळ उत्तर द्यायचो. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को सरळ धरलं तर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास. मी दुबईमार्गे गेलो, म्हणजे पंधरा हजार. विमानात बसून राहायचं एकोणीस-वीस तास. समोरचा "आयला!" म्हणायचा आणि पुढच्या क्षणी क्लच प्लेटचं विचारायचा. आता मी सांगतो, "बस खाली, चहा सांग. ते एका वाक्यात सांगण्यासारखं न्हाई." पण किती जणांना चहा पाजणार? म्हणून लिहून काढतोय. आमच्या भावकीत एवढ्या लांब आजवर कुणी गेलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर फुशारकी वाटते, आधी सांगितलं की ती माहिती होते.

गेलो होतो भाचीच्या लग्नाला. पल्लवी ही माझ्या शालनआक्काची एकुलती एक लेक. दाजी लांब पल्ल्याच्या ट्रकवर असायचे, म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत पल्लवी आमच्याकडे वरवे बुद्रुकला राहिली. शाळा नसरापूरला. रोज सकाळी तिला स्कूटरवर पुढ्यात दप्तर घेऊन सोडणारा मीच. ती पोर शिकत शिकत इंजिनीअर झाली आणि कॅलिफोर्नियात नोकरीला लागली. नवरा मुलगा निखिल, अकोल्याचा, तोही तिकडेच. दोघांच्या कागदपत्रांचं असं त्रांगडं, की एकदा देशाबाहेर पडले तर परत आत कधी घेतील याचा भरवसा नाही. म्हणून लग्न तिकडेच ठरलं. आक्का आणि दाजी महिनाभर आधी गेले. माझी व्हिसाची मुलाखतच उशिरा झाली. शिक्का मिळाला तेव्हा लग्न आठवड्यावर आलं होतं.

शहरातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडच्या लग्नात मामाला काय मान असतो ते तुम्हाला कदाचित माहीत नसेल. मुलीला मांडवात मामाच घेऊन येतो आणि शेवटचं मंगलाष्टक होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. चुलता आला नाही तर लोक रुसवा धरतात, आत्या आली नाही तर चर्चा होते. मामा आला नाही तर लग्नच अडतं. आक्काला भाऊ एकच, तो मी. मी पोचलो नाही तर माझ्या पल्लवीला बाहेर कोण आणणार? तिकडच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला मामा म्हणून उभं करणार? पल्लवीनं फोनवर सांगितलंच होतं, "मामा, तू आला नाहीस तर मी खोलीतून बाहेर पडणार नाही." मी म्हणालो, "विमान चुकलं तर चालत येईन." बोलायला काय जातंय!

वेल्ह्याच्या पुढं

आमचं मूळ गाव वेल्ह्याच्या पुढं, केळदच्या अंगाला. तिथं माझी चुलती राहते, आम्ही तिला नानी म्हणतो. ऐंशीच्या घरातली, कडक. निघण्याआधी सोमवारी तिच्या पाया पडायला गेलो. तिनं पहिला प्रश्न केला, "इमान कोणत्या वारी?"

"शुक्रवारी पहाटे."

"आन् अमेरिका कोणच्या अंगाला?"

"पश्चिमेला."

नानीनं कपाळावर हात मारला. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ, त्या दिशेला त्या वारी पाऊल टाकायचं नाही. मी म्हणालो, "नानी, विमान पंचांग बघून उडत न्हाई."

"इमान नसंल बघत, म्या बघती. परस्थान ठेव."

प्रस्थान ठेवणं ही जुनी युक्ती आहे. जायच्या दिवशी वार वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एक गाठोडी जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. तांदूळ, सुपारी, हळकुंड, कुंकू आणि प्रवासातली आपली एखादी वस्तू. ती ठेवली की आपण निघालो असं देवाधर्माच्या खाती धरलं जातं. मग खरं निघताना ती गाठोडी उचलायची आणि पुढं जायचं. अट एकच, गाठोडी परत आपल्या घरात आणायची नाही.

नानीनं फडकं पसरलं, तांदळाची मूठ टाकली आणि म्हणाली, "तुज्या परवासातलं मुख्य काय ते घाल यात."

आता मी पडलो हौशी माणूस. शर्टाचं बटण घातलं असतं, रुमाल घातला असता तरी चाललं असतं. पण भोवती शेजारपाजारच्या चार बायका जमल्या होत्या आणि मला माझा नवा कोरा पासपोर्ट कुणालातरी दाखवायचाच होता. मी तो खिशातून काढला, सगळ्यांच्या हातांतून फिरवला, व्हिसाचं पान उघडून दाखवलं आणि ऐटीत म्हणालो, "मुख्य म्हणजे हेच. ह्याच्याबिगर अमेरिकेचं दार उघडत न्हाई." नानीनं त्याला कुंकू लावलं आणि तांदळात ठेवून गाठ मारली. त्या क्षणी मला कुणीतरी एक थोबाडीत द्यायला हवी होती. पण सगळ्या बायका कौतुकानं बघत होत्या.

गावाच्या पश्चिमेला वर धनगरवाडा आहे, चार-सहा घरांचा. तिथल्या कोंडिबाशी आमच्या घरोब्याला दोन पिढ्या झाल्या. गाठोडी त्याच्या घरी नेऊन दिली. आत काय आहे ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. "गुरवारी दुपारी न्हेतो," एवढंच म्हणालो.

धनगरवाडा

गुरुवारी दुपारी भाड्याची गाडी करून वरव्याहून निघालो. बायको सुनंदानं दशम्या, तिळाची चटणी असा शिधा बांधून दिला. धाकट्याची बारावी होती, म्हणून ती येणार नव्हती. बॅगेत पल्लवीसाठी मामाची साडी आणि माझा भगवा फेटा. रस्त्याच्या कडेनं काटेसावरी फुलल्या होत्या. तोरण्याचा माथा उन्हात लख्ख दिसत होता. धनगरवाड्यावरून गाठोडी उचलायची, तसंच पुण्याला, तिथून मुंबई. वेळ हातात भरपूर होता.

कोंडिबाच्या दाराला कडी. त्याची बायको ठकूबाई शेळ्यांना पाणी पाजत होती. मी गाठोडीचं विचारलं.

"ती व्हय? ती त्यास्नी बरुबर न्हेलीय की."

"कुठं?"

"खाली कोकनात. लेकीचं दिवस भरल्यालं, काल सांगावा आला. म्या हितं गुरांपाशी ऱ्हायले आन् ते मढ्या घाटानं उतरलं. परस्थान एकलं ठिवू न्हाई म्हनत्यात. म्या दिसभर रानात, घराला कडी. कुनी उचललं तर? म्हनून पोटाला बांधून न्हेलं."

मी मटकन दगडावर बसलो. ठेव सांभाळण्यात कोंडिबानं कसूर केली नव्हती, उलट जास्तच केली होती. माझा पासपोर्ट माझ्याआधी पश्चिमेला निघून गेला होता. आणि कोंडिबाचा फोन घाटाखालच्या त्या वस्तीवर लागणं शक्यच नव्हतं.

मी संतापलो. पहिल्यांदा कोंडिबावर, मग नानीवर, मग व्हिसा देणाऱ्यांवर, आणि सगळे संपल्यावर शेवटी स्वतःवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात; इथं माझा कळसाच घाट उतरून गेला होता. ठकूबाईनं मात्र तांब्याभर दूध पुढं केलं. "सांजंपतूर येत्याल, न्हाईतर सकाळच्याला. तुमी काळजी करू नगा." दूध पिणाऱ्याला रागावता येत नाही. घाटाकडून खालून वर येणारा एक जण भेटला, तो म्हणाला, लेकीची अजून बाळंतपणातून सुटका नाही, कोंडिबा तिथंच बसून आहे. एका माणसाला निरोप देऊन खाली पाठवलं. ते जाऊन येईपर्यंत रात्र होणार, हे दिसतच होतं. माझं विमान गेलं.

वाड्याच्या वर टेकाडावर एका आंब्याखाली मोबाईलला रेंज येते. तिथं उभं राहून पल्लवीला फोन लावला. तिकडे अपरात्र होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रडते की काय. पण पलीकडून कीबोर्डचा टकटक आवाज आला.

"मामा, शनिवारी पहाटेच्या विमानात एक जागा आहे. मी बदलून घेतलं."

"अगं, पण लग्न शनिवारीच हाय ना?"

"शनिवारी दुपारी चारला. तू शनिवारी पहाटे निघालास, की शनिवारीच दुपारी एकला पोचतोस."

"एवढा पल्ला, आन् त्याच दिवशी?"

"आमचं घड्याळ मागे आहे, मामा. दिवस तुझ्यासाठी थांबलेला असणार. मुहूर्त मात्र थांबणार नाही. सहाला हॉल रिकामा करून द्यायचाय, पुढं दुसऱ्यांचा कार्यक्रम आहे." मग हळूच म्हणाली, "येशील ना?"

आमच्याकडे मुहूर्त बारा पस्तीसचा असला तरी पुढाऱ्यांचे सत्कार आणि भाषणं होऊन दीड वाजतो, हे तिलाही माहीत होतं. तिकडे तसं चालत नाही. मी "येणार" म्हणालो.

रात्र वाड्यावरच काढली. शुक्रवारी उन्हं वर यायच्या आत कोंडिबा घाट चढून आला. अंगावर घोंगडी, पाय धुळीनं पांढरे. मी तोंड उघडायच्या आत त्यानं कमरेला खोचलेला धोतराचा सोगा सोडला आणि गाठोडी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"दत्ताशेठ, ही तुमची अमानत. रातच्याला उशाखाली घेतली व्हती. काय हाय ते म्या सोडून बी बघितलं न्हाई. लेकीला ल्योक झाला. तुमचं परस्थान लई गुनाचं निगालं!"

सांगा, अशा माणसावर ओरडणार कसं? रात्रभर जुळवून ठेवलेल्या शिव्या मी गिळल्या आणि त्याला मिठी मारली. आमच्या डोंगरात ठेव म्हणजे ठेव. बँकेच्या लॉकरमध्ये तरी एवढी जपली असती का? माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही. उरला तो अभिमान, की ही माणसं माझी आहेत.

खाली नानी वाट बघत होती. तिला हकिगत सांगितली. ती जराही हलली नाही. "शुक्रवार टळला. बरंच झालं," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मुंबई, दुबई, आणि वर

गाठोडीतले तांदूळ मुंबईच्या विमानतळाबाहेर पाखरांना टाकले. पल्लवीनं बजावलं होतं, तिकडे तांदळाचा दाणासुद्धा आत घेऊ देत नाहीत. पासपोर्टाच्या पुठ्ठ्यावर कुंकवाचा डाग मात्र तसाच राहिला. घासला तर आणखी पसरला.

मुंबई ते दुबई म्हणजे काहीच नाही. खाऊन हात धुतो न धुतो तोच उतरलो. दुबईत मात्र विमान तासभर उशिरा निघालं. आपल्या स्टँडवर एसटी उशिरा निघाली तर कंट्रोलरशी भांडता तरी येतं. तिथं सगळे शांत, फोनमध्ये तोंड घालून बसलेले. मी एकटाच येरझाऱ्या घालत होतो. माझ्या हिशोबातला एक तास गेला होता.

विमान उडालं आणि समोरच्या पडद्यावर नकाशा आला. त्यावर एक छोटं विमान आणि खाली दोन आकडे, किती किलोमीटर राहिलं आणि किती तास राहिले. मी आयुष्यभर मीटर बघत आलेला माणूस, सिनेमा कसला बघतोय! दुबई ते सॅन फ्रान्सिस्को तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. पण विमानाचं तोंड बघून मी चमकलो. ते पश्चिमेला जाईचना. सरळ उत्तरेला, इराणवरून रशियाच्या दिशेनं निघालं होतं. पश्चिमेच्या दिशाशूळावरून एवढं रामायण झालं, आणि विमान गेलं उत्तरेला! उत्तरेला शनिवार चालतो की नाही हे बघायला पंचांग जवळ नव्हतं.

शेजारी गुरमीत म्हणून एक सरदारजी बसले होते. कॅलिफोर्नियात पंचवीस वर्षं ट्रक चालवतात. मी ट्रक दुरुस्त करतो म्हटल्यावर आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही. आम्ही हिंदीत बोलत होतो, माझी हिंदी हायवेवरची, त्यांची पंजाबी वळणाची. मी म्हणालो, "पाजी, पायलट रस्ता चुकला काय? अमेरिका तिकडं आणि हा वर निघाला." पाजी हसले. जेवणाच्या ताटातलं संत्रं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, एका बोटानं दुबई धरा, पलीकडच्या बाजूला दुसऱ्या बोटानं अमेरिका धरा, आता जवळची वाट शोधा. मी संत्र्यावरून बोट फिरवलं. मधून फिरवलं तर लांब. देठावरून नेलं की जवळ. मला एवढा आनंद झाला की ते संत्रं मी खाल्लंच नाही. वरंध घाटात वळसा म्हणजे लांबचा रस्ता. वर आभाळात वळसा हीच जवळची वाट. कापूरहोळच्या फाट्यावर हे सांगितलं तर अर्धे लोक अजूनही मान डोलवत नाहीत.

विमानातलं जेवण म्हणजे आजाऱ्याचा आहार. मी दशम्यांची पुरचुंडी सोडली. पाजींनी तिळाच्या चटणीबरोबर चार खाल्ल्या आणि सुनंदाला हात जोडून नमस्कार सांगितला. मग मी त्यांना माझी अडचण सांगितली. चार वाजता मुहूर्त, सहाला हॉल रिकामा, आणि मी मामा. मला वाटलं, मामाशिवाय लग्न अडतं हे त्यांना समजावून सांगावं लागेल. ते एकदम ताठ बसले. म्हणाले, "आमच्यात नवरीच्या हातात लाल चुडा मामाच चढवतो. मामा नाही तर चुडा नाही, चुडा नाही तर कसली नवरी?" पंजाब कुठं, वेल्हे कुठं! पण मामाची जागा दोन्हीकडे तीच. त्यानंतर पाजीही माझ्यासारखेच आकड्यांकडे बघत बसले. मध्येच समोरून जोराचा वारा लागला आणि राहिलेली वेळ कमी व्हायच्याऐवजी वीस मिनिटांनी वाढली. आम्ही दोघांनीही एकदमच त्या वाऱ्याला शिवी दिली, आपापल्या भाषेत.

खिडकीची झडप मी एकदाच उघडली, पण ते दृश्य मरेपर्यंत विसरणार नाही. खाली बर्फ. नुसता बर्फ, जमीन की समुद्र ते कळायला मार्ग नाही, आणि मध्ये मध्ये काळ्या भेगा. सूर्य धड उगवलेला नाही, धड मावळलेला नाही, क्षितिजाच्या कडेला लोळत पडलेला. एक झाड नाही, एक घर नाही. जगाच्या डोक्यावर होतो आम्ही. आपल्या डोंगरातल्या माणसानं, ज्याच्या आजोबांनी पुणं दोनदाच पाहिलं, त्यानं हे पाहिलं. माझी छाती भरून आली. बाजूला पाजी घोरत होते, म्हणून कुणाला सांगता आलं नाही.

सॅन फ्रान्सिस्को

विमान टेकलं तेव्हा तिथले सव्वादोन वाजले होते. शनिवारच होता. पहाटे निघून, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून, मी त्याच शनिवारी दुपारी उतरलो होतो. विमान थांबताच सगळे उठून उभे राहिले, आपल्यासारखेच, यात काही फरक नाही. तेवढ्यात पाजी खड्या आवाजात इंग्रजीत काहीतरी ओरडले. मला त्यातलं मामा आणि लग्न एवढंच कळलं. पण लोकांनी अंग चोरून वाट दिली. पाठीवर थापा मारत मला पुढं काढलं. माझं सामान म्हणजे एक हातातली बॅग. आपल्या तिकडं "मला पुढं जाऊ द्या" म्हटलं असतं तर दहा जणांनी "आमाला काय काम न्हाई व्हय?" विचारलं असतं. हे मला मान्य करावं लागेल.

पुढं पासपोर्टाची रांग. पाजी तिथले नागरिक, त्यांची रांग वेगळी. ती सरसर पुढं गेली. माझी गोगलगाईसारखी. पाऊण तास उभा होतो. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट केला आणि कुंकवाच्या डागावर बोट ठेवून विचारलं, हे काय? माझ्या गॅरेजच्या इंग्रजीत मी सांगितलं, आमच्या आईनं लावलंय, देवाचं आहे. नानीला मी आई का म्हणालो कुणास ठाऊक. तेवढ्या घाईत चुलतीला शब्द सापडला नाही. कशाला आलात? लग्नाला. कुणाच्या? बहिणीच्या मुलीच्या. कधी आहे? मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. आज, चार वाजता. बाईंनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि धाडकन शिक्का मारला. "पळा," म्हणाल्या असाव्यात. मी पळालो.

बाहेर निखिलचा एक मित्र गाडी घेऊन उभा होता. तिथले रस्ते काय सांगू! एकेका बाजूला पाच-पाच पट्टे, आणि हॉर्न कुणीच वाजवत नाही. मला वाटलं सगळ्या गाड्यांचे हॉर्न बिघडलेत. पण खाडीवरच्या पुलाअलीकडे गर्दी लागली आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर उभं असल्यासारखं वाटलं. पंधरा हजार किलोमीटर आलो आणि शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरला अडकलो. गाडी हलेना. पावणेचार झाले. चार झाले. मी गाडीतच शर्ट बदलला आणि आरशात बघून फेटा बांधला. फेटा पहिल्या झटक्यात बसला. मित्राचा फोन सारखा वाजत होता. तो "आलो, आलो" म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. "काय म्हणत्यात?" विचारलं तर म्हणाला, "भटजी घाई करतायत. पल्लवी दार उघडत नाहीये."

देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही.

साडेचार वाजून गेल्यावर गाडी हॉलच्या दारात थांबली. मी धावतच आत शिरलो आणि दारातच खिळून उभा राहिलो. समोर भला मोठा पडदा होता. तिथं नवरानवरीचे फोटो असतील असं मला वाटलं होतं. त्यावर नकाशा होता. दुबईपासून जगाच्या डोक्यावरून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आलेली एक वाकडी रेघ, आणि रेघेच्या टोकाला एक विमान. पल्लवीनं सकाळपासून तो लावून ठेवला होता. शंभरभर पाहुणे, त्यात अर्धे गोरे, फेटे बांधलेले, नऊवारी नेसलेल्या मेमसाहेब, सगळ्यांनी माझं विमान बर्फावरून उतरताना पाहिलं होतं. कुणीतरी ओरडलं, "मामा आले!" आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मी गॅरेजवाला माणूस, नखात अजून ग्रीस. माझ्यासाठी आजवर कधी कुणी उठून उभं राहिलेलं नाही.

शालनआक्का गर्दीतून पुढं आली. "आलास का रं," एवढंच म्हणाली आणि माझ्या फेट्याचा शेमला सरळ केला. तिचे हात थंडगार होते. तिनं मला नवरीच्या खोलीपाशी नेलं. मी दारावर थाप मारली. "पले, उघड. मामा हाय."

दार उघडलं. शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा. नसरापूरच्या शाळेत नेऊन सोडायचो ती हीच पोर का, असं वाटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मामा, किती लांबून आलास रे!"

"उगं. काजळ पुसंल," मी म्हणालो.

तिचा हात धरून बाहेर आणलं. भटजी पुण्याचेच निघाले. त्यांनी माझ्याकडे आणि घड्याळाकडे एकदाच पाहिलं आणि अंतरपाट धरायला सांगितला. मी पल्लवीच्या मागं उभा राहिलो, तिच्या खांद्यावर हात ठेवून. पाय सुजून बुटात मावत नव्हते, म्हणून बूट दारातच काढले होते. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि जमीन विमानासारखी हलल्यासारखी वाटली. मी जरा डुललो असेन. तिकडच्या लग्नात सगळे पाहुणे खुर्च्यांवर बसूनच अक्षता टाकतात. भटजींनी मंगलाष्टक थांबवून खुणावलं, "मामांना खुर्ची द्या रे कुणीतरी." एक उंच गोरा पोरगा लगबगीनं खुर्ची घेऊन आला आणि माझ्या मागं लावली.

मी ती हातानं बाजूला सारली.

"खुर्चीवर बसूनच आलोय एवढ्या लांबून," मी म्हणालो. "हितं मी उभं ऱ्हायला आलोय. चालू द्या."